चार बोटं खोल

लक्ष्मीबाई नगरातल्या तळमजल्याच्या क्वार्टरमध्ये आमचं सामान लागून जेमतेम आठवडा झाला होता. वरच्या मजल्यावरचे मराठी गृहस्थ ओळख करून घ्यायला आले. मी चहाचं आधण ठेवून बाहेर आले, तर पाहुणे खुर्चीत नव्हते. व्हरांड्यातल्या माझ्या तुळशीच्या कुंडीपाशी ते उकिडवे बसले होते आणि उजव्या हाताचं मधलं बोट त्यांनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसलं होतं. माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "वरची माती ओली, खालची कोरडी ठणठणीत. वहिनी, तुम्ही पाणी तुळशीला घालत नाही, स्वतःच्या समाधानाला घालता."

ओळख होऊन दोन मिनिटंही झाली नव्हती. मला राग आला. परक्या माणसाने घरच्या तुळशीत बोट घालावं आणि वर मलाच चार शब्द सुनावावेत, हे माझ्या सासरच्या शिस्तीत बसणारं नव्हतं. पण दुसऱ्या दिवसापासून मी तांब्या भसकन रिकामा करायचं सोडून थेंबाथेंबाने पाणी घालू लागले. महिन्याभरात तुळस अंगाने भरली. मी हे त्यांना कधी सांगितलं नाही. ते जाता-येता बघत असणारच.

हे भास्कर साळवे. नगर जिल्ह्यातल्या एका मराठी ख्रिस्ती घरातले. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या कोरडवाहू तुकड्यात ज्वारी पेरायचे. साळवेसाहेब पुण्याला शेतकी शिकले आणि केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले. त्याच पहिल्या चहाला कळलं, की मी ज्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागणार होते, तिथेच कोरडवाहू गव्हाचं काम ते बघत होते. त्यांनी लगेच नियम घालून दिला. घरी मी वहिनी, ऑफिसात मिसेस पाटणकर. सकाळी आम्ही एकाच बसने जायचो. बसमध्ये मी वहिनी असायची आणि ऑफिसचं फाटक ओलांडलं की पुढच्या वाक्यापासून मिसेस पाटणकर. यात त्यांनी कधी गल्लत केली नाही. एकदाच केली, ते पुढे सांगते.

मातीत बोट घालायची त्यांची सवय दिल्लीतल्या सगळ्या मराठी मंडळींना ठाऊक होती. कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या गेस्ट हाउसात सणासुदीला जेवणं असायची. लोक आत पानावर बसायचे आणि साळवेसाहेब बाहेर गुलाबांच्या वाफ्यात. तिथला माळी त्यांना लांबून बघूनच खुरपं हातात घेई, काहीतरी करत असल्याचं दाखवायला. त्यांच्या पत्नी सुलोचनाताई पर्समध्ये एक जादा रुमाल ठेवायच्या, खास त्या बोटासाठी.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "बी ओलीला भेटलं पाहिजे." ते गव्हाबद्दल होतं, पण ते कुठेही लावायचे. त्यांची मुलगी रूथ नव्या शाळेत गप्प गप्प असायची. सुलोचनाताई काळजी करू लागल्या, की हे म्हणायचे, "अजून ओलीला भेटली नाही. भेटेल." आणि खरंच, वर्षभरात ती पोरगी अशी बडबडायला लागली की खालच्या मजल्यावर मला टाइपरायटरचा आवाज परवडला असता.

त्यांचं काम गुडगावच्या पुढे, पतौडीकडच्या गावांत चालायचं. तिथली जमीन म्हणजे वाळूच. पावसाळा संपला की वरचा थर बघता बघता सुकतो आणि ओल चार बोटं खाली जाऊन बसते. बरेचसे लोक गहू हाताने फेकून वरून लाकडी पाटा फिरवायचे. वरचे दाणे तित्तिर खायचे, उरलेले कोरड्या वाळूत तसेच पडून राहायचे. साळवेसाहेबांचा सगळा हट्ट एका बांबूच्या नळीचा होता. नांगराच्या मागे नळी बांधायची, वर लाकडी वाटी. नवरा बैल हाकतो, बायको मागून चालत वाटीत दाणे सोडते आणि दाणा थेट चार बोटं खाली, ओलीत पडतो. ही रीत त्या भागातही जुनीच होती, पण मेहनतीची म्हणून लोकांनी सोडत आणली होती. साहेब म्हणायचे, "माझी आई अशीच चाड्यावर मूठ धरायची. मी काही नवीन सांगत नाही. विसरलेलं आठवून देतो."

पतौडीच्या पुढच्या एका गावात हरफूल नावाचा शेतकरी आणि त्याची बायको भतेरी यांनी त्यांचं पहिल्यांदा ऐकलं. भतेरी म्हणजे पुष्कळ, पुरे. घरात ओळीने मुली झाल्या की शेवटच्या मुलीला तिकडे हे नाव ठेवतात. साहेबांना हे कळल्यावर कितीतरी दिवस ते नाव त्यांच्या तोंडातून निघेना. शेवटी तीच म्हणाली, की नाव माझं आहे, तुम्हाला काय टोचतं. मग ते तिला 'भतेरीबहन' म्हणू लागले. तिच्या हाताचं त्यांना फार कौतुक. उगवलेल्या ओळीत ते रोपं मोजत बसायचे आणि म्हणायचे, माझ्या आईचा हातसुद्धा इतका सारखा नव्हता.

तीन हंगाम त्या शेतात उंच देशी गहू असा उभा राहिला, की आजूबाजूच्या गावांतले लोक बघायला यायचे. साहेबांनी चार बोटं खोल पेरणीचं पत्रक लिहिलं. मीच ते टाइप केलं. ऑफिसात त्यांच्या बढतीची बोलणी सुरू झाली.

ते दिवस ठेंगण्या गव्हाचे होते. कालव्याच्या पाण्यावर त्या नव्या बियाण्याने शेतं भरून टाकली होती आणि पेपरात रोज त्याचेच फोटो. कोरडवाहू शेतकऱ्याच्या वाट्याला ते का येऊ नये, म्हणून साळवेसाहेब ऑफिसात भांडले आणि हरफूलच्या शेतासाठी एक पोतं मिळवलं. पोतं द्यायला गेले त्या रविवारी जीपमध्ये सुलोचनाताई आणि मीही होतो, खेडं बघायच्या हौसेने. त्यामुळे पुढचं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे.

साहेबांनी मूठभर बियाणं आधीच पाठवलं होतं. भतेरीने एका फुटक्या माठाच्या दोन खापरांत माती भरून ते लावून बघितलं होतं. एका खापरात देशी दाणा चार बोटं खोल, तो वर आला होता. दुसऱ्यात नवा दाणा, अर्धे दोन बोटं खोल, अर्धे चार. दोन बोटांचे वर आले होते, चार बोटांच्या जागी नुसती माती. तिने ती खापरं साहेबांपुढे आणून ठेवली. "साहब, यो गेहूँ ठिगना है. इतनी नीचे से ऊपर नहीं आवेगा."

साहेब हसले. कुत्सितपणे नाही, लाडानेच हसले, पण हसले. म्हणाले, "बहन, मटके की मिट्टी अलग, खेत की मिट्टी अलग. बीज को गीली मिट्टी मिली, तो वो आएगा ही." त्यांचं ते ठरलेलं वाक्य त्या दिवशी हिंदीत निघालं. बोट घालून बघणारा माणूस, पण त्या खापरात त्यांनी बोट घातलं नाही. भतेरीने खापरं उचलून भिंतीशी ठेवली. साहेबांनी सांगितलं म्हणून हरफूलने त्याचं सगळ्यात चांगलं शेत नव्या गव्हाला दिलं. त्या शेतात त्यांनी पावसाळ्यात बाजरीसुद्धा घेतली नव्हती. सगळा पाऊस गव्हासाठी जिरवून, पाटा फिरवून ओल दाबून ठेवली होती. घरचा वर्षाचा गहू त्या एका शेतातून यायचा होता. पेरणी साहेबांच्या सांगण्यावरून चार बोटं खोलच झाली.

दहा दिवस झाले, बारा झाले, ओळी दिसेनात. साहेब पहिल्या बसने गेले आणि दुपारी परत आले ते थेट माझ्या टेबलापाशी. त्यांनी खिशातून रुमाल काढून टाइपरायटरच्या बाजूला उघडला. आत सात-आठ कोंब होते. पिवळे, दुमडलेले. गव्हाचा कोंब एका बारीक म्यानात बसून मातीतून वर येतो आणि उजेडात आला की मग पान उघडतो. देशी गव्हाचं म्यान लांब असतं. ठेंगण्याचं आखूड. ते अर्ध्या वाटेतच संपलं आणि पान मातीच्या आतच उघडून चुरगळून गेलं. हे त्यांनी मला एकेक कोंब बोटावर धरून दाखवलं. मग म्हणाले, "दाण्याला ओल मिळाली होती, वहिनी. वर यायचा रस्ता मीच लांब केला."

ऑफिसात त्यांनी मला वहिनी म्हटलं, ते तेवढंच.

पुन्हा पेरायला शेतात ओल उरली नव्हती. त्या वर्षी भतेरीच्या घरात गव्हाची भाकरी सणाच्या दिवशीच दिसली, बाकी वर्ष बाजरीवर काढलं. तिने साहेबांना एका शब्दाने टोचलं नाही. आमच्या ऑफिसात मात्र रिपोर्ट लिहायचा होता. साहेबांनी तो हाताने लिहून दिला. पेरणीची खोली मी ठरवली, शेतकऱ्याच्या पत्नीने पुराव्यासकट मला सावध केलं होतं, मी ऐकलं नाही, पुढच्या हंगामाच्या आत पत्रक बदलावं. मोठ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांनी तो सगळा परिच्छेद लाल पेन्सिलीने खोडला होता आणि वर आपल्या अक्षरात लिहिलं होतं, की पेरणीच्या वेळी शेतकऱ्याने हयगय केल्यामुळे उगवण झाली नाही. ते म्हणाले, साळवेंच्या बढतीची फाईल वर गेली आहे, असं काही लिहिलं तर ते स्वतःच बुडतील. "मिसेस पाटणकर, आप उनकी पड़ोसन हैं. उनका भला चाहती हैं, तो यही टाइप कीजिए."

मी त्यांचं भलं चिंतत होतेच. सुलोचनाताईंचा दमा वाढला होता, रूथचं कॉलेज तोंडावर आलं होतं. आणि मी कागदाला मानणारी बाई. गावातल्या माणसांना रिपोर्ट कोण दाखवणार, एका ओळीने त्यांचं काय बिघडणार, असं मला वाटलं. मी ते स्वच्छ टाइप केलं, एकही चूक न करता. साहेब असल्या कागदावर सही करणार नाहीत हे मला ठाऊक होतं. म्हणून मी तो कागद सह्यांच्या फाईलमध्ये रजेच्या अर्जांच्या आणि दौऱ्याच्या तक्त्यांच्या मधे घातला आणि फाईल त्यांच्यापुढे धरली ती संध्याकाळी, जीप खाली हॉर्न देत असताना. इतरांचा प्रत्येक कागद ते दोनदा वाचत. माझा वाचत नसत. "मिसेस पाटणकरांच्या हातचा कागद पुन्हा तपासणं म्हणजे त्यांचा अपमान," असं ते चारचौघांत सांगायचे. त्यांनी उभ्याउभ्याच सगळ्या सह्या केल्या आणि जिना उतरून गेले.

लाज वाटली का मला? नाही. त्या संध्याकाळी बसमध्ये मी खुशीत होते. माणसाला त्याच्याच भोळेपणापासून वाचवलं, असं समजत घरी आले आणि शिरा केला.

उन्हाळ्याच्या तोंडाशी हरफूल दिल्लीला आला. त्याच्या ब्लॉकच्या ऑफिसात तो रिपोर्ट पोचला होता. तिथल्या बाबूने त्याला तो वाचून दाखवला आणि सांगितलं, की तुम्ही हयगय करणारे लोक, यापुढे नवं बियाणं तुम्हाला नाही. हरफूलने नकलेचा कागद साहेबांपुढे ठेवला. मी पाच पावलांवर टाइप करत होते, हात थांबले. साहेबांनी कागद वाचला. खालची सही बघितली. बराच वेळ बघितली. मान वर करून माझ्याकडे बघतील म्हणून मी वाट बघत राहिले. त्यांनी बघितलं नाही. हरफूलला खुर्ची दिली, चहा मागवला आणि स्वतःच्या हाताने वरच्या ऑफिसला पत्र लिहिलं, की माझ्या सहीच्या या रिपोर्टातलं कारण खोटं आहे, खरं कारण पुढीलप्रमाणे. ते पत्र टाइप करायला माझ्याकडे आलं नाही. मग हरफूलबरोबर त्याच बसने ते गावाला गेले.

तिथे काय झालं ते हरफूलने पुढे मला सांगितलं. चौपालवर, म्हणजे गावाच्या चावडीवर, माणसं जमलेली होती. साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "गलती मेरी थी. भतेरीबहन ने मुझे दिखाया था. मैंने देखा नहीं." बायका बाजूला पदर ओढून उभ्या होत्या. त्यांतून भतेरी म्हणाली, "वो तो हो लिया, साहब. अब के कैसे बोवें, ये बताओ."

पुढे त्यांची चौकशी झाली. रिपोर्टवर सही तुमची, मग तो खोटा कसा? सही करताना वाचला नव्हता का? त्यांनी उत्तर दिलं, "वाचला नव्हता. चूक माझी." बढती त्यांना ज्युनिअर असलेल्या माणसाला मिळाली. ऑफिसात लोक हळहळले, काही हसले. साहेबांनी मला कधी काही विचारलं नाही. बसमध्ये मी वहिनीच राहिले, ऑफिसात मिसेस पाटणकर. फरक एकच पडला. माझ्या हातचा कागद आला की ते चष्मा लावायचे आणि पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचून मगच सही करायचे. मी समोर उभी असायची. मी स्वतःची समजूत घातली होती, की त्यांचा संशय मोठ्या साहेबांवर असणार, हा नुसता सावधपणा आहे. तरी तो एकेक मिनिट मला फार जड जायचा.

भतेरीच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला त्यांना तीन हंगाम लागले. दाणा ओलीत तर हवा, पण डोक्यावर माती थोडीच हवी. शेवटी साहेब आणि भतेरी, दोघांनी मिळून वाट काढली. नांगराने खोल चर काढायचा, कोरडी वाळू दोन्ही बाजूंना लोटायची, दाणा चराच्या तळाशी ओलीत सोडायचा आणि वर फक्त दोन बोटं माती ओढायची. पहिल्या वर्षी वाऱ्याने चर भरून टाकले आणि पुन्हा तेच झालं. दुसऱ्या वर्षी अर्धं शेत उगवलं. तिसऱ्या वर्षी भतेरीने चर वाऱ्याला आडवे काढायला लावले आणि शेत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हिरवं झालं. साहेब चप्पल काढून तिच्या मागून चालले होते. नव्या पत्रकात तिचं नाव घालायचा त्यांनी खूप प्रयत्न केला. सरकारी पत्रकात असं नाव छापत नाहीत, असं उत्तर आलं. मग वाटायच्या प्रत्येक प्रतीवर ते शाईने लिहायचे, 'ही रीत भतेरीबहन यांच्या शेतात ठरली.' किती प्रती लिहिल्या असतील देव जाणे. त्यांच्या बोटाला माती तरी असायची नाहीतर शाई.

ते आहे त्याच पदावरून रिटायर झाले. सुलोचनाताई गेल्यावर रूथ त्यांना आपल्या द्वारकेच्या फ्लॅटमध्ये घेऊन गेली. मेट्रो झाल्यावर मी महिन्यातून एकदा जायची. दर वेळी ठरवून जायची, की आज सांगायचं. एकदा सुरुवातही केली. "साहेब, तो हरफूलचा रिपोर्ट..." एवढं बोलले, तर ते म्हणाले, "वहिनी, चहा गार होतोय." मी कप उचलला. त्या घरात रूथ कुणाचाही चहा गार होऊ देत नसे, आणि तरी ते विषय टाळताहेत हे मला समजलं नाही.

गव्हाच्या पेरणीच्या दिवसांतच ते गेले. दफनभूमीत माणसं फार नव्हती. ऑफिसातले दोघे-तिघे, चर्चची मंडळी, रूथच्या सोसायटीतले शेजारी. प्रार्थना संपत आली तेव्हा फाटकातून एक म्हातारी बाई मुलाचा हात धरून आली. हरफूल केव्हाच गेला होता. मी भतेरीला लगेच ओळखलं, तिने मला ओळखलं नाही. सगळ्यांनी माती दिली, तिनेही दिली. मग दम लागला म्हणून ती माझ्या शेजारी बाकावर बसली.

तिला बघून माझं मन मला आवरेना. इतकी वर्षं ज्यांना सांगायचं होतं ते आता मातीखाली होते, निदान हिला तरी सांगावं. मी म्हटलं, "वो तुम्हारी गलती वाला कागज मैंने टाइप किया था. साहब से साइन भी मैंने ही करवाया, बिना बताए. उनको कभी पता नहीं चला."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "वो आप थीं?" मग म्हणाली, "पता था साहब को."

चौपालवरून घरी आल्यावर हरफूल संतापला होता. हा कागद कोणी केला त्याचं नाव सांगा, म्हणून तो साहेबांच्या मागे लागला होता. तेव्हा साहेब काय म्हणाले, ते भतेरीने मला शब्दाशब्दाने सांगितलं. "बोले, नाम मत पूछो. जिसने किया, मेरा भला चाह के किया. मैंने भी तो तुम्हारा भला ही चाहा था, और तुम्हारा खेत खाली रख दिया. भतेरीबहन, तू मुझे माफ कर दे, तो मैं भी उसको कर दूँ."

"फिर?" मी विचारलं.

"फिर क्या," ती म्हणाली. "मैंने तो तभी कर दिया था."

तिचा मुलगा बस चुकेल म्हणून घाई करत होता. ती उठून गेली. मी तिथेच बसून राहिले आणि साहेब गेल्यापासून पहिल्यांदा रडले.